ज्याचं कुलूप, त्याचा जीव

४ फेब्रुवारी

अक्का,

सलाम. पोचलो. फोनवर तुझं एकच, जेवलास का, झोपलास का, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस. सातवीत पळालेल्या पोराचं अक्षर सातवीतच राहतं.

गाव दाजींचंच आहे, ते लपवत नाही. पण कारखाना वेगळा. रद्दीचे कारखाने इथे चार आहेत. दाजी गेले तो पुलापलीकडचा, निळ्या पत्र्याचा. मी अलीकडच्या. प्रेस चालू करणाऱ्या तिथल्या त्या फोरमनचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. कबरीपाशी मी ओरडलो होतो, की ज्या प्रेसमध्ये तुझा नवरा चिरडला त्यातच त्या माणसाला घालीन, ते रागात. तीन वर्षं झाली. आता तसं काही मनात नाही. शपथच घेणार होतो, पण शपथ घ्यायची नाही असं तूच शिकवलंस, म्हणून नुसतं सांगतो.

काम असं. रद्दी पट्ट्यावरून वर चढते आणि एका खोल लोखंडी खड्ड्यात पडते. त्याला आम्ही विहीर म्हणतो. विहिरीच्या तळाला प्रेस. दाबतं, गठ्ठा बांधतं, बाहेर ढकलतं. कागद अडकला की माणूस शिडीने आत उतरतो. उतरायच्या आधी मेन स्विच पाडायचा आणि त्याच्या कडीत आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली आपल्याच खिशात. चार जण उतरले तर चार कुलपं. एक जरी लटकत असेल तरी स्विच वर जात नाही. पहिल्या दिवशी क्रेनवाल्या काकांनी माझ्या हातात लाल कुलूप ठेवलं आणि म्हणाले, "बायको उसनी दे, हे देऊ नकोस. ज्याचं कुलूप, त्याचा जीव."

मग मला दाजींबद्दल कंपनीने लिहिलेलं ते आठवलं. कामगार कुलूप न लावता उतरला. दाजी? जे घराला कुलूप घालून चार पायऱ्या उतरायचे आणि परत चढून ओढून बघायचे? तुझ्या सासूबाईंनासुद्धा ते पटलं, हेच मला गिळता येत नाही.

असो. मला एक जोरदार प्रार्थना लिहून पाठव. शत्रूवाली. रोज सकाळी म्हणीन म्हणतो.

तुझा भिंगरी

१६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

प्रभूच्या नावात सलाम. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ज्या पोराला उपासनेला न्यायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालायची, तो स्वतः प्रार्थना मागतोय! रविवारी मंडळीत सांगितलं. पाळकसाहेब खूश झाले.

त्या गावात आहेस हे मात्र आवडलं नाही. पुलापलीकडे पाऊल टाकू नकोस.

मी काय करते ते लिहिते. शास्त्रात देवाची शस्त्रसामग्री सांगितली आहे ना, ती मी रोज अंगावर चढवते. खरीखुरी. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीची साफसफाई माझ्याकडे. आत जाण्याआधी गाऊन, टोपी, हातमोजे, चपला, सगळं बदलावं लागतं. मग एकेका वस्तूबरोबर एकेक मागणं. नाडी बांधताना म्हणते, प्रभू, आज माझ्या तोंडून खोटं निघू देऊ नको. गाऊन चढवताना, माझं मन शुद्ध ठेव. चपला घालताना, जिथे जाईन तिथे शांती नेऊ दे. टोपी घालताना, तू मला वाचवलं आहेस हे विसरू देऊ नको. हातमोजे चढवताना विश्वासाची ढाल, आणि शेवटी एक वचन मनात धरते, ती तलवार. पाच मिनिटं लागतात. बाकीच्या बाया हसतात, "बाई निघाल्या युद्धाला." हसू देत.

एक लक्षात ठेव. ही लढाई माणसांशी नाही. ही सामग्री सैतानाचे बाण अडवायला आहे. ती रोज नव्याने घालावी लागते, कालची आज चालत नाही.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. तुला आशीर्वाद सांगितला आहे. मुलाचं नाव निघालं की अजून तेच म्हणतात, "विसराळूच होता गं तो." मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत राहते.

तुझी अक्का

९ मार्च

अक्का,

कमाल झाली. तुझं ते सामग्रीचं लागू पडलं!

कपडे बदलायच्या खोलीत माझं कपाट शेवटचं, कोपऱ्यात. सगळे गप्पा मारत असतात, मी एकेक चढवतो. पट्टा, जाकीट, हेल्मेट. ढाल नाही म्हणून तोंडावरची जाळी धरली. तलवार नाही म्हणून कागद ओढायचा आकडा. बुटांचं तेवढं जमत नाही. ते शांतीचं तोंडातच येत नाही, म्हणून बूट गुपचूप घालतो. पण सगळं चढवून बाहेर पडलो की अंगात असं बळ येतं की काय सांगू. वाटतं, आता कोणीही समोर येऊ दे. मन एका जागी थांबतं. माझं मन, अक्का! जे देवळात बसल्यावरसुद्धा खिडकीतून बाहेर पळायचं.

पोरं चिडवतात. "काय रे पुजारी, रद्दी उचलायला चाललास की किल्ला घ्यायला?" मी म्हणतो, "किल्लाच. तुझ्या बापाने बांधलाय, बघ कसा पाडतो."

गंमत म्हणजे आमच्या फोरमनलाही ते आवडलं. एके सकाळी मागे येऊन उभा. पन्नाशीचा माणूस, पेनचं टोपण सतत चावत असतो, खिशात चार-पाच चावून चपटी झालेली. म्हणाला, "काय पुटपुटतोस?" मी म्हटलं, "साहेब, आत उतरताना काही होऊ नये म्हणून." त्याने टोपण तोंडातून काढलं. मग म्हणतो, "माझ्यासाठीही म्हणशील का?" आपल्यातला नाही तो. पण तेव्हापासून रोज सकाळी माझ्या कपाटाशी येऊन, हेल्मेट हातात घेऊन, शाळेतल्यासारखा उभा राहतो. मी ते त्याच्या डोक्यावर ठेवतो आणि म्हणतो, प्रभू, ह्या माणसाचं रक्षण कर. तो आमेन म्हणतो. मला हसू दाबावं लागतं.

लोक म्हणतात, तो तीन वर्षांत एकदाही विहिरीत उतरलेला नाही. भितो.

चालू ठेवतो. वचनं पाठव. शत्रूचे दात पाडायची विनवणी असलेली स्तोत्रं आहेत ना, ती मला फार आवडली.

भिंगरी

२० मार्च

भिंगरी,

सलाम लिहीत नाही.

तुझ्या दाजींना माती दिली त्या दिवशी तो फोरमन दारात उभा होता. आत आला नाही. सगळा वेळ पेनचं टोपण चावत होता. त्या दिवशीचं दुसरं काही मला नीट आठवत नाही, पण ते टोपण आठवतं.

तू कुठल्या कारखान्यात आहेस? पत्र्याचा रंग लिही. बाकी काही लिहू नकोस.

अक्का

२ एप्रिल

अक्का,

निळा.

आता लपवून काय फायदा. नोकरी मागायला गेलो तो तिथेच गेलो. आडनाव वेगळं, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. पहिल्या पत्रात तुला फसवलं. पण पोटात एक ओठात एक मी फक्त तुझ्याशी केलं असं समजू नकोस, इथे मी श्वासही खोटा घेतोय.

सगळं कळलं मला. क्रेनवाले काका तेव्हा वर केबिनमध्ये होते. एका दुपारी घट्ट कॉफी पाजली आणि विषय काढला. त्यांनी वरून पाहिलं होतं. दाजींचं कुलूप कडीत होतं, अक्का. लाल कुलूप, लटकलेलं. फोरमनने मोठी कात्री आणून ते कापलं, स्विच वर केला आणि प्रेस चालू केलं. नंतर चौकशीला सांगितलं, कुलूप नव्हतंच. काकांना मुलीचं लग्न होतं, नोकरी जायची भीती होती, ते गप्प राहिले. सांगताना रडले. मी त्यांना म्हटलं, रडा, रडा, काही बिघडत नाही, आणि त्यांची कॉफी मीच संपवली.

म्हणजे त्याने दाजींना दोनदा मारलं. एकदा आत, एकदा कागदावर.

आता ऐक. मे महिन्यात वर्षाची मोठी सफाई असते. नवीन मॅनेजरने हुकूम काढलाय की फोरमनने स्वतः तळापर्यंत उतरून पाहणी करायची. त्याच्याकडे स्वतःचं कुलूपच नाही. दाजी गेल्यापासून तो कुलपाला हात लावत नाही. काल मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी उतरेन तेव्हा तू वर थांब. तुझं कुलूप लाव. बाकी कोणावर माझा भरवसा नाही." का माहितीये? कारण मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो!

तूच सांगतेस ना, करावं तसं भरावं. मी स्विचपाशी असेन, कुलूप माझ्या हातात असेल, कडीत नसेल. नंतर मीही सांगेन, कुलूप होतं की साहेब, कोणी कापलं देव जाणे.

लढाई माणसांशी नाही असं तू लिहिलंस. मग दाजींना कोणी मारलं, सैतानाने? त्याच्या खिशात टोपणं नव्हती.

तारीख १६ मे. अडवायचं असेल तर पोलिसात जा. तुला ते जमणार नाही हे मला माहीत आहे.

भिंगरी

३० एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहिलं, रोज फाडलं. प्रत्येकात चांगली चांगली वचनं होती.

आता खरं लिहिते. तुझे दाजी गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी मंडळीत उभी राहून सांगितलं होतं की मी त्या माणसाला क्षमा केली. लोक रडले. पाळकसाहेबांनी माझा दाखला किती उपदेशांत दिला. बाहेरगावच्या बाया मला बघायला यायच्या, क्षमा करणारी बाई कशी दिसते ते.

मी क्षमा केलेली नाही. एक दिवससुद्धा नाही. रोज सकाळी मी नाडी बांधते आणि मागते, तो मरू दे. गाऊन चढवते आणि मागते, हळूहळू मरू दे. टोपी घालते आणि मागते, मरताना त्याला कळू दे. आणि मग शांत चेहऱ्याने आत जाऊन फरशी पुसते. ऑपरेशनच्या टेबलाखाली जे रक्त असतं ना, मी ते त्याचं समजून पुसते. तुला मी वर वर जे लिहिलं ते लोकांना सांगायचं होतं. आतलं हे आहे.

देवाने मला उत्तर दिलं नाही. तू दिलंस.

तुला अडवू का? मोठी बहीण म्हणून अडवायला हवं. तुला तुरुंग होईल, मी एकटी पडेन, सगळं ठाऊक आहे. पण ते कुलूप कडीत होतं हे वाचल्यापासून माझ्या हाताला झोप नाही. मुठी आवळलेल्याच असतात.

कर.

करताना त्याला सांग कोणासाठी ते. आणि हे पत्र जाळ.

अक्का

१९ मे

अक्का,

तो जिवंत आहे. आधी हे वाच, मग शिव्या दे, मग पुढे वाच.

१६ला सकाळी नेहमीसारखा तो कपाटाशी आला. मी हेल्मेट ठेवलं, म्हटलं, प्रभू, ह्या माणसाचं रक्षण कर. त्याने आमेन म्हटलं आणि माझा हात दाबला. त्याचा हात ओला होता.

वर विहिरीपाशी फक्त मी. बाकीचे खाली, गठ्ठ्यांच्या बाजूला. त्याने स्विच पाडला, माझ्याकडे बघितलं, मी कुलूप वर धरून दाखवलं. तो शिडीने उतरला. उतरताना मोजत होता, एक, दोन, तीन, लहान पोरासारखा. बारा पायऱ्या. तळाला गेला आणि ओरडला, "लावलंस का रे?"

मी म्हटलं, "लावलं." कुलूप माझ्या हातात होतं.

मी स्विच वर केला. आता फक्त हिरवं बटण राहिलं. बोट त्यावर ठेवलं. तुझं सांगणं लक्षात होतं, म्हणून आत वाकून विचारलं, "तीन वर्षांपूर्वीचं कुलूप कोणी कापलं?" पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं. "बोल. कोणी कापलं ते बोल रे."

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "तू त्याचा कोण?"

"मेहुणा."

वाटलं आता ओरडेल, शिडीकडे धावेल. तो खाली कागदावर बसला. म्हणाला, "कोणीतरी येईल असं वाटायचंच. बटण दाबायचंय तर दाब, पण आधी ऐकून घे." मग सांगितलं. त्या दिवशी कडीत दोन कुलपं होती. एक जण आपलं कुलूप तसंच ठेवून घरी गेला होता, किल्ली घेऊन. ट्रक दारात खोळंबलेले, मॅनेजर फोनवर शिव्या घालत होता. ह्याला वाटलं, दोन्ही कुलपं अशीच मागे राहिलेली, आत कोणी नाही. आत तोंड घालून हाक मारली. दाजींच्या कानात आवाज अडवायचे बोळे होते. उत्तर आलं नाही. ह्याने दोन्ही कापली. "हाक एकदाच मारली," म्हणाला. "दुसऱ्यांदा मारली असती तर त्याने वर बघितलं असतं. कापलेली कुलपं खिशात घालून घरी नेली. चौकशीत सांगितलं, नव्हती. पहिली चूक घाईत झाली. दुसरी मी विचार करून केली."

अक्का, माझं बोट बटणावरच होतं. तुला वाटेल मला वचन आठवलं असेल, प्रकाश-बिकाश दिसला असेल. काही नाही. राग जितका होता तितकाच होता. पण दाबायला गेलो आणि डोक्यात माझाच आवाज आला. ह्या माणसाचं रक्षण कर. साठेक सकाळी मी ते म्हटलं होतं. थट्टेने म्हटलं होतं, त्याला फसवायला म्हटलं होतं, हसू दाबून म्हटलं होतं. आणि देवाने ते सगळं खरं धरून ठेवलं होतं! माझा केवढा संताप झाला. मी त्याला म्हटलंसुद्धा, मोठ्याने, देवाला, "मी खोटं म्हणत होतो, कळत नाही तुला?" खालचा बिचारा समजला की मी त्यालाच बोलतोय. म्हणाला, "नाही, मी सगळं खरं सांगितलं."

बोट दाबेना. जोर लावला. बोट दाबेना. माझं बोट, माझं ऐकेना.

स्विच पाडला. कुलूप लावलं. त्याचा खट्ट आवाज विहिरीत गेला, आणि तो आवाज ऐकून तो जो रडायला लागला, ते मला ऐकवेना. म्हणून मी शिडी वर ओढून घेतली आणि जेवायला गेलो. दोन तास. एवढं तरी मला दे, अक्का. मी काही संत नाही.

परत येऊन शिडी सोडली. वर आल्यावर तो माझ्या पायाशी वाकायला लागला, मी मागे सरकलो. म्हटलं, "माफी मागायची नाही. मागितलीस तर द्यावी लागेल, आणि माझ्याकडे ती नाही. तू ऑफिसात जाऊन जे केलंस ते लिहून दे. मग माझ्या अक्काच्या दारात जाऊन, तोंडाने, सगळ्यांसमोर सांग. मागच्या वेळी दारात उभा राहिलास ना, ह्या वेळी आत जायचं."

त्याने लिहून दिलं. क्रेनवाल्या काकांनी खाली सही केली. कामगार खात्याचा माणूस येऊन गेला, जबाब घेतला. केस होईल. नोकरी माझीही जाईल बहुतेक, मी स्विचपाशी काय केलं तेही मी सांगून टाकलंय. जाऊ दे.

तो निघाला आहे. हे पत्र आधी पोचेल की तो, माहीत नाही. आला तर काय करायचं ते तुझं तू ठरव. मी त्याला क्षमा केलेली नाही. तुझ्याकडून ती मागणार नाही.

तू "कर" लिहिलेलं पत्र जाळलं. तू मला ते लिहिलंस ह्याचा मला राग नाही. उलट पहिल्यांदाच वाटलं की माझी बहीण आतून माझ्यासारखीच आहे.

भिंगरी

११ जून

प्रिय भिंगरी,

तो आधी आला.

मी "कर" लिहिलेल्या त्या पत्रानंतर माझं काय झालं ते आधी सांगते. पेटीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत पेटीपाशी जाऊन उभी राहिले. फटीतून मनगटापर्यंत हात जातो, पुढे जात नाही. पोस्टमन म्हणाला, "बाई, टाकलं ते टाकलं." त्या दिवसापासून मी कामावर नुसते कपडे बदलायचे. तोंडातून एक शब्द निघेना. कोणाच्या तोंडाने मागणार होते? पोराला खुनाला पाठवलं आणि वरून शुद्ध मन मागू? १६ तारखेला तर मी ती खोली दोनदा पुसली. एकदा त्याचं रक्त म्हणून, आणि एकदा तुझं.

रविवारी दुपारी दार वाजलं. उघडलं तर तो. तू मेलास, तुला पकडलं, हेच सांगायला आलाय असं वाटून मी चौकटीला धरलं. तो म्हणाला, "मुलगा ठीक आहे." पहिलं वाक्य ते बोलला. त्याबद्दल मी त्याला पाणी दिलं. बाकी कशाबद्दलही नाही.

मग मी म्हटलं, "थांबा." आणि शेजारणीला पाठवून पाळकसाहेबांना, मंडळीतल्या बायांना, तुझ्या दाजींच्या दोन्ही चुलत भावांना बोलावलं. खोलीत माणूस मावेना. त्याला मधोमध उभं केलं. त्याने सगळं सांगितलं, हाक एकदाच मारली इथपासून. पाळकसाहेब डोळे पुसत पुढे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्या भगिनीने तर तुम्हाला तीन वर्षांपूर्वीच क्षमा केली आहे."

मी तो हात डोक्यावरून काढला. म्हटलं, "नाही केली. तेव्हा मी खोटं बोलले. मंडळीसमोर खोटं बोलले, देवासमोर बोलले. ह्यांनी खोटा कागद लिहिला, मी खोटी साक्ष दिली." शेजारणीच्या हातातला पेला पडला. पण भिंगरी, तीन वर्षांत पहिल्यांदा माझी मूठ आपोआप उघडली. क्षमा नाही ती. नुसती उघडली. दुसऱ्या दिवशी कामावर नाडी बांधताना एवढंच म्हटलं, आज खोटं निघू देऊ नको. पुढचं म्हणवलं नाही. उद्या बघू.

तू जसा आहेस तसा घरी ये. नोकरी गेली तर गेली. साक्ष द्यायला दोघं मिळून जाऊ.

एक राहिलं. सगळे उठायला लागले तेव्हा त्याने हात जोडून विचारलं, "बाई, मी निघू?" कोपऱ्यात सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांना हल्ली जवळजवळ ऐकूच येत नाही. इतकी माणसं का जमली, काय चाललंय, त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्याला त्यांच्यासमोर नेलं, खाली बसवलं, त्याचं तोंड त्यांच्या कानाशी आणलं.

म्हटलं, "ह्यांचा मुलगा कुलूप लावायला विसरला नव्हता. सांगा. त्यांना ऐकू जाईपर्यंत सांगा."

सात वेळा सांगावं लागलं.

तुझी अक्का